आफ्रिकेतल्या विमान कंपन्या: नवी विमानं येतात कशी, जुनी जातात कुठे?

पंखपसारे

मुंबईला येणाऱ्या आफ्रिकी विमानांवर नजर ठेवणाऱ्यांना हा उलटा हिशोब ठाऊक असेल. १९३४ पासूनची साउथ आफ्रिकन एअरवेज २०१५ मध्ये जोहान्सबर्ग–मुंबई सेवा गुंडाळून निघून गेली. २०१९ मध्ये एअर टांझानिया ड्रीमलायनर (म्हणजे बोइंगचं ७८७) घेऊन आली. ऑक्टोबर २०२३ मध्ये युगांडा एअरलाइन्स आली, तेव्हा तिच्याकडे स्वतःची मोजून सहा विमानं होती. इथिओपियन आणि केनिया एअरवेज या दोघी मात्र आपल्याकडे कायमच्याच.

म्हणजे आफ्रिकेत विमान आणणं तितकंसं अवघड नाही. सरकार हमी देतं, राष्ट्राध्यक्ष स्वागताला येतात, अग्निशमन दल पाण्याची कमान करतं, पेपरात फोटो येतो. कसोटी लागते ती नंतर. पुढची दहा-पंधरा वर्षं ते विमान उडतं ठेवायचं आणि वेळ आली की बऱ्या किमतीत सोडायचं. यात फक्त एका कंपनीला सातत्याने जमलंय असं माझं मत आहे. तुमचं वेगळं असेल तर सांगा, धागा त्यासाठीच काढलाय.

ती कंपनी म्हणजे इथिओपियन. १९४५ साली अमेरिकेच्या टीडब्ल्यूए या विमान कंपनीच्या मदतीने स्थापना झाली आणि १९४६ मध्ये कैरोला पहिलं उड्डाण. पुढे देशात मार्क्सवादी लष्करी राजवट आली, सरकारची सगळी सोयरीक मॉस्कोशी जुळली, पण विमान कंपनी बोइंगच घेत राहिली! जून १९८४ मध्ये त्यांचं नवं ७६७-२००ईआर वॉशिंग्टनहून थेट अदिस अबाबाला आलं, बारा हजार किलोमीटरहून जास्त, दोन इंजिनांच्या विमानासाठी तेव्हाचा विक्रम. यात मिरवण्यापेक्षा गरज जास्त होती. अदिसचा विमानतळ २,३०० मीटरहून उंच आहे. तिथे हवा विरळ, त्यात दुपारचं ऊन, की विमानाची वजन उचलण्याची ताकद घटते. त्यामुळे कुठलं विमान, कुठलं इंजिन, किती वजन हा हिशोब त्या लोकांना सुरुवातीपासूनच करावा लागला.

आफ्रिकेतलं पहिलं ड्रीमलायनर ऑगस्ट २०१२ मध्ये त्यांचं, पहिलं एअरबस ए-३५० २०१६ मध्ये त्यांचं, पहिलं ए-३५०-१००० नोव्हेंबर २०२४ मध्ये त्यांचंच. पण मला जास्त कौतुक जुन्या विमानांच्या बंदोबस्ताचं आहे. फोकर-५० ही जुनी छोटी पंखेवाली विमानं काढून २०१० पासून त्याच प्रकारची क्यू-४०० आणली, आणि देशांतर्गत आखूड मार्गांवर एकाच जातीचा ताफा ठेवला. प्रवासी ७६७ म्हातारी झाली तर ती मालवाहू करून घ्यायची, आणि त्या रूपांतराचं काम इस्रायली कंपनीशी करार करून अदिसमध्येच आणायचं. करोनात बाकीचे विमानं पार्क करून बसले होते, तेव्हा यांनी पंचवीसेक प्रवासी विमानांतल्या खुर्च्या काढून माल भरला. हे सगळं स्वतःचा हँगर आणि स्वतःची प्रशिक्षण अकादमी असल्यामुळे. आता २०३५ पर्यंत २७० च्या वर विमानांचं लक्ष्य आहे.

याच्या शेजारी केनिया एअरवेज ठेवून पाहा. २०११-१२ च्या सुमारास 'मविंगू' नावाची दहा वर्षांची योजना आखली, ताफा शंभरापलीकडे न्यायचा होता. २०१६ उजाडेपर्यंत आलेली नवी विमानं दुसऱ्यांना भाड्याने द्यायची वेळ आली. असं का झालं, हे तिथे राहणाऱ्यांनी सांगावं.

शंकासुर

छान लिहिलंय. पण 'एकाच कंपनीला जमलं' हे जरा सरसकट वाटतं. इथिओपियनच्या मागे सरकार उभं आहे, देशात स्पर्धक नाही आणि परकीय चलन आणणारी ती प्रमुख संस्था आहे. इतकं पाठबळ कुणालाही मिळालं असतं तर?

नैरोबीकर

@पंखपसारे, योजना मूर्खपणाची नव्हती. काळ खोटा निघाला. आणि काळ खोटा निघायला थोडी बोइंगही जबाबदार आहे.

क्रम बघा. ड्रीमलायनरची ऑर्डर २००६ ची. पण ७८७ चा कार्यक्रमच काही वर्षं रखडला, त्यामुळे विमानं हातात यायला एप्रिल २०१४ उजाडला. त्याआधी २०१३ च्या शेवटी ७७७-३००ईआर येऊ लागली होती. आता त्याच दीड वर्षात इथे काय घडलं ते पाहा. ऑगस्ट २०१३ मध्ये नैरोबी विमानतळाच्या आंतरराष्ट्रीय टर्मिनलला आग. सप्टेंबरमध्ये वेस्टगेट मॉलवरचा हल्ला, पर्यटक एकदम आटले. २०१४ मध्ये पश्चिम आफ्रिकेत इबोला, तिथली उड्डाणं थांबवली. आणि पश्चिम आफ्रिकेचे प्रवासी नैरोबीत आणून पुढे आशियात न्यायचे, हाच तर या कंपनीचा कणा! विमानं मोठी, हप्ते डॉलरमध्ये, कमाई बरीचशी शिलिंगमध्ये.

२०१५-१६ च्या आर्थिक वर्षात तोटा २६ अब्ज शिलिंगच्या वर गेला. मग सफाई सुरू झाली. जुनी ७७७-२००ईआर विकायला काढली, तिन्ही ७७७-३००ईआर तुर्की एअरलाइन्सला आणि दोन ड्रीमलायनर ओमान एअरला भाड्याने दिली. लंडनच्या हीथ्रोवरची उतरण्याची वेळसुद्धा ओमान एअरला साडेसात कोटी डॉलरला विकली. त्या दिवसांत इथल्या भारतीय मंडळींत चेष्टा चालायची की आता फक्त केबिन क्रूचे गणवेश विकायचे राहिलेत.

२०१७ मध्ये कर्जाचं भागभांडवल करून बँका आणि सरकार मालक झाले. २०२४ मध्ये अकरा वर्षांनी पहिल्यांदा वर्षाचा नफा दिसला, ५.४ अब्ज शिलिंग. सगळे खूश. आणि २०२५ च्या पहिल्या सहामाहीत पुन्हा १२ अब्जांचा तोटा. कारण? नऊ ड्रीमलायनरांपैकी तीन जमिनीवर. इंजिनं आणि सुटे भाग मिळेनात.

प्रवासी नव्हते असं नाही हं. तिकिटं मिळत नव्हती! विमान नव्हतं.

स्पॅनर

हा मुद्दा नीट उलगडायला हवा, कारण वर्तमानपत्रात 'विमान नादुरुस्त' एवढंच छापून येतं. मी देखभालीच्या धंद्यात बरीच वर्षं काढलीत, हँगरच्या भाषेत सांगतो.

इंजिन ठरावीक फेऱ्यांनंतर (एक उड्डाण आणि उतरणं म्हणजे एक फेरी) पंखावरून उतरवून शॉपला, म्हणजे इंजिन-दुरुस्तीच्या कारखान्यात, पाठवावंच लागतं. आतल्या काही भागांचं आयुष्य सक्त मोजलेलं असतं, त्यापलीकडे एक फेरीही चालत नाही. पूर्वी इंजिन तीनेक महिन्यांत परत यायचं. करोनानंतर जगभर शॉपना रांगा लागल्या, ओतकाम आणि घडाईचे भाग वेळेवर येईनात, आणि मुक्काम लांबत गेला. अशा वेळी मोठी कंपनी स्वतःच्या राखीव इंजिनांतलं एक चढवते आणि विमान दुसऱ्या दिवशी हवेत. ज्याच्याकडे नऊच विमानं आहेत तो राखीव इंजिनं किती बाळगणार? एकेक इंजिन कोट्यवधी डॉलरचं. बाजारात भाड्याने घ्यावं तर तेच इंजिन बाकीच्या दहा जणांना हवं असतं, आणि जो आगाऊ रोख देतो त्याला आधी मिळतं.

म्हणून ताफा किती मोठा आहे यापेक्षा एका जातीची विमानं किती आहेत हे पाहावं. साठ विमानांच्या ताफ्यात तीन बसली तर वेळापत्रक खरचटतं. नऊत तीन बसली तर हाड मोडतं. इथिओपियनचं खरं बळ इथे आहे. त्यांच्याकडे ७८७ ही भरपूर, ७३७ ही भरपूर, आणि दुरुस्ती घरात. इतर आफ्रिकी कंपन्यांची विमानंही अदिसला चेकसाठी, म्हणजे ठरावीक मुदतीच्या तपासणीसाठी, येतात, म्हणजे हँगरचा खर्च वाटला जातो.

@शंकासुर, तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर यात आहे. पाठबळ बऱ्याच जणांना मिळालं. अदिसने ते हँगरमध्ये आणि माणसांवर घातलं.

कंपाला_कोल्हापूर

मग आमच्या युगांडाबद्दल काय म्हणाल स्पॅनरदादा? चार छोटी सीआरजे-९०० आणि दोन मोठी एअरबस ए-३३०-८००निओ. इथे तरी विमानं दिसायला झकास आहेत. ए-३३० मध्ये २५८ जागा, एंटेबीहून मुंबई थेट. आधी नैरोबी किंवा अदिसला पहाटे ताटकळावं लागायचं, म्हातारी माणसं बरोबर असली की जीव नकोसा व्हायचा. तेवढ्यासाठी मी सरकारला सगळं माफ करते.

स्पॅनर

ताई, प्रवाशाच्या जागी मी असतो तर मीही माफ केलं असतं. :)

पण ताफ्याच्या नजरेने बघा. सीआरजे २०१९ मध्ये घेतली. २०२० मध्ये ती बनवणाऱ्या बोम्बार्डियेने तो धंदा मित्सुबिशीला विकला, आणि २०२१ च्या सुरुवातीला शेवटचं सीआरजे बाहेर पडून उत्पादनच बंद झालं. सुटे भाग मिळतील, जगात शेकड्यांनी उडतात. मात्र ताफा वाढवायचा म्हटलं तर नवं घेता येणार नाही, जुनंच शोधावं लागेल. ए-३३०-८०० ची तऱ्हा याहून बिकट. विमान उत्तम, लांब पल्ला, कमी इंधन. पण जगात घेणारे बोटांवर मोजण्याइतके. बाकी सगळ्यांनी मोठं ९०० घेतलं. उद्या दोन्ही विकायची वेळ आली तर गिऱ्हाईक कुठून आणणार? इंजिन ९०० ला चालेल, सांगाड्याला भाव येणार नाही.

सातबारा

गिऱ्हाइकाचा विषय निघालाच आहे तर मालकीचंही बोलू. मी विमान भाड्याने देणाऱ्या धंद्याच्या कागदपत्रांच्या बाजूला आहे. घराण्याचं नाव सातबाऱ्यावर असतं तसं विमानाच्या शेपटीवरचं नाव मालकाचं असेलच असं नाही.

प्रकार मुख्यतः तीन. कंपनी स्वतः विकत घेते. किंवा नुसतं विमान भाड्याने घेते, वैमानिक-देखभाल आपली, यालाच ड्राय लीज म्हणतात. किंवा वेट लीज, म्हणजे विमान, वैमानिक, विमा, दुरुस्ती सगळं दुसऱ्याचं आणि आपण तासाला पैसे मोजायचे. वेट लीज तातडीसाठी बरी, पण आफ्रिकेत काही कंपन्या तिच्यावर वर्षानुवर्षं जगतात आणि मग पैसे उरत का नाहीत म्हणून विचारतात.

ड्राय लीजमधला खरा काटा परतीच्या वेळी रुततो. विमान परत देताना इंजिन, चाकं, सांगाडा अमुक स्थितीतच हवा, लॉगमधली प्रत्येक नोंद हवी. एखाद्या भागाचा जन्मापासूनचा कागद सापडला नाही तर तो भाग भंगार. आपल्या शेजाऱ्याचंच उदाहरण बघा. बांगलादेशच्या बिमानने २०१४ मध्ये इजिप्तएअरची दोन जुनी ७७७-२००ईआर पाच वर्षांसाठी घेतली. इंजिनं बिघडली, बदली इंजिनं भाड्याने आणली, तीही बिघडली. विमान उडेना पण भाडं चालू, आणि परत द्यायचं तर आधी दुरुस्त करून द्या. प्रकरण संसदीय समितीपर्यंत आणि पुढे भ्रष्टाचारविरोधी आयोगापर्यंत गेलं. त्या व्यवहारात शहाणपणा कोणाचा म्हणाल तर इजिप्तएअरचा: म्हातारी विमानं दुसऱ्याच्या खर्चाने उडवली.

दुसरा मुद्दा जोखमीचा. विमान देणारा आधी पाहतो की पैसे थकले तर विमान ओढून आणता येईल का. त्यासाठीचा आंतरराष्ट्रीय करार २००१ मध्ये झाला, नेमका केपटाऊनमध्ये, आणि त्याच खंडातल्या कोर्टांत तो वर्षानुवर्षं नीट चालला नाही. नायजेरियात कोर्टाच्या मनाईहुकुमामुळे विमानं अडकायची, म्हणून कुणी ड्राय लीज द्यायला तयार नसे. सप्टेंबर २०२४ मध्ये तिथल्या न्यायव्यवस्थेने त्यावर निर्देश काढले, मग दारं किलकिली झाली. आपण हसायला नको. २०२३ मध्ये गो फर्स्ट बसली तेव्हा मालकांना स्वतःची विमानं सोडवायला दिल्लीत वर्षभर खेटे घालावे लागले. आपला कायदा २०२५ मध्ये आला.

शंकासुर

नायजेरियाचं नाव काढलंत म्हणून. मे २०२३ मध्ये अबुजाला 'नायजेरिया एअर'चं कोरं करकरीत रंगवलेलं ७३७ उतरलं, मावळते मंत्री स्वागताला, टाळ्या. नंतर कळलं की ते इथिओपियनचंच विमान, तेवढ्यापुरतं रंगवून आणलेलं. एक-दोन दिवसांत परत अदिसला! आफ्रिकेतल्या ताफा-विस्ताराचा हा सर्वांत स्वस्त मार्ग म्हणावा का? :)

पण माझा मूळ प्रश्न कायम आहे. प्रत्येक छोट्या देशाला स्वतःचं ड्रीमलायनर हवंच कशाला? शेजाऱ्याशी मिळून एक कंपनी का नाही?

नैरोबीकर

होती की! ईस्ट आफ्रिकन एअरवेज, केनिया-युगांडा-टांझानियाची मिळून. १९७७ मध्ये मोडली, तीन देशांत भांडण, खर्च कोणी किती भरायचा यावरून. त्यातून केनिया एअरवेज जन्मली. ती आठवण इथे अजून जिवंत आहे.

आणि आकाशही मोकळं नाही. आफ्रिकी देशांनी एकमेकांना आकाश मोकळं करायचं ठरवलं तो १९९९ चा यामुसुक्रो निर्णय झाला, २०१८ मध्ये आफ्रिकेच्या एकाच हवाई बाजारपेठेची घोषणा झाली, तरी देशोदेशींचे द्विपक्षीय करार आणि परवान्यांची भांडणं सुटत नाहीत. मग शेजारच्या राजधानीला जायला आठवड्यात तीन उड्डाणं. विमान दिवसाचे कमी तास उडतं, पण हप्ता महिन्याचा पूर्ण असतो.

पंखपसारे

@शंकासुर, टांझानियाने यावर वेगळाच तोडगा काढला. विमानं कंपनीच्या नावावर घेतलीच नाहीत, सरकारी संस्थेने घेऊन एअर टांझानियाला भाड्याने दिली. २०१८ मध्ये ७८७ आणि आफ्रिकेतली पहिली ए-२२०, २०२३ मध्ये मालवाहू ७६७ आणि ७३७ मॅक्स-९, शिवाय डॅश-८. एवढ्याशा कंपनीत इतक्या जाती! वैमानिक वेगळे, सुटे भाग वेगळे, सिम्युलेटर वेगळा. आणि विमान सरकारचं असल्याचा तोटा २०१९ मध्ये दिसला. सरकारकडून भरपाई येणं असलेल्या एका शेतकऱ्याने जोहान्सबर्गच्या कोर्टातून त्यांचं ए-२२० अडकवून ठेवलं.

जुनी_शेपटी

ए-२२० चा विषय इजिप्तशिवाय पुरा होत नाही. इजिप्तएअरने २०१९-२० मध्ये बारा ए-२२० कोरी घेतली. इंजिनांचा त्रास इतका झाला की २०२४ मध्ये बाराच्या बारा एका लीजिंग कंपनीला विकून मोकळे झाले. चार-पाच वर्षांची विमानं! टांझानियालाही त्याच इंजिनांमुळे ए-२२० बसवून ठेवावी लागली. माझ्या मते इजिप्तचा निर्णय धाडसाचा होता. चुकीची खरेदी लवकर सोडणं हे फार थोड्यांना जमतं, कारण ज्यांनी फीत कापली ते अजून खुर्चीवर असतात.

साउथ आफ्रिकनला ते जमलं नाही. वर्णद्वेषाच्या काळात बाकी आफ्रिकेने त्यांना आकाश बंद केलेलं, म्हणून खंडाला वळसा घालून जायला लांब पल्ल्याची ७४७एसपी घेतली. मार्च १९७६ मध्ये त्यातलं एक कारखान्याजवळून थेट केपटाऊनला आलं, १६,५०० किलोमीटरच्या वर, सतरा तासांहून जास्त. निर्बंध संपल्यावर त्यांना कुठलंही विमान निवडता आलं असतं. २००२ मध्ये एअरबसला मोठी ऑर्डर दिली आणि त्यात चार इंजिनांची ए-३४०-६०० घेतली. जोहान्सबर्गची सुमारे १,७०० मीटर उंची पाहता चार इंजिनांचं गणित तेव्हा अगदीच चुकीचं नव्हतं. पुढे तेल महागलं आणि दोन इंजिनांचं ७७७-३००ईआर तेच काम कमी इंधनात करू लागलं. ए-३४० ना बाजारात किंमत उरली नाही, म्हणून विकता येईनात, म्हणून उडवत राहिले, म्हणून तोटा वाढत राहिला. डिसेंबर २०१९ मध्ये कंपनी बचाव-प्रक्रियेत गेली. सप्टेंबर २०२१ मध्ये परत उडाली ती चिमुकली होऊन.

पण म्हाताऱ्यांना निरोप द्यावा तर त्यांनीच. त्यांचं 'लेबोम्बो' हे ७४७-२०० मार्च २००४ मध्ये जोहान्सबर्गजवळच्या रँड या छोट्या विमानतळावर उतरवलं, धावपट्टी इतकी अरुंद की बाहेरची इंजिनं गवतावर. तिथल्या संग्रहालयात ते आजही आहे. त्या उतरण्याचे व्हिडिओ जरूर शोधा.

वाक्वाकर

मॉरिशसहून थोडंसं. इथल्या मराठी मंडळींना एअर मॉरिशसची मुंबई सेवा म्हणजे माहेरची वाट. या कंपनीनेही ए-३४० ठेवून वर २०१७ पासून ए-३५०, नंतर ए-३३०निओ आणली, आणि एप्रिल २०२० मध्ये करोनात प्रशासकाच्या हाती गेली. त्या प्रशासकाने पहिलं काम काय केलं? ए-३४० आणि ए-३१९ विकायला काढली. जे संचालक मंडळाला वर्षानुवर्षं धजवलं नाही ते बाहेरच्या माणसाने काही महिन्यांत केलं.

कंपाला_कोल्हापूर

पण अशी विकलेली विमानं जातात कुठे शेवटी? कापतात का?

स्पॅनर

बहुतेक कापतातच ताई. आधी इंजिनं, मग चाकांचा सांगाडा, सहायक इंजिन, कॉकपिटमधली यंत्रं. जुन्या विमानात विमानापेक्षा इंजिनाला जास्त भाव असतो, कारण त्यात अजून काही शे फेऱ्या शिल्लक असतात आणि शॉपच्या रांगेपेक्षा त्या फेऱ्या विकत घेणं परवडतं. राहिलेला अॅल्युमिनियम किलोवर.

जुनी_शेपटी

सगळी कापत नाहीत हो. डिसेंबर २०२२ चा किस्सा. तुर्की एअरलाइन्सची एकेकाळची चार ए-३४०-३०० जोहान्सबर्गला उभी होती. उझबेकिस्तानला जातोय असं सांगून निघाली आणि उतरली इराणमध्ये! निर्बंधांमुळे इराणला विमानं मिळत नाहीत, त्यामुळे ज्यांना जग भंगार म्हणतं त्यांना तिथे मुलाखतीशिवाय नोकरी.

सातबारा

म्हणूनच विक्रीच्या करारात अंतिम वापरकर्त्याचं कलम असतं. कलम पाळलं जातं का हा वेगळा धागा होईल.

शंकासुर

बरं, इथिओपियनबद्दल माझं मत जरा हललंय, पूर्ण नाही. मार्च २०१९ मध्ये त्यांच्या ३०२ क्रमांकाच्या उड्डाणाचं ७३७ मॅक्स पडलं, १५७ माणसं गेली. अशी कंपनी परत मॅक्सवर जाते आणि वर आणखी वीस मॅक्स मागवते. हे कसं पचवायचं?

पंखपसारे

तो अपघात विमानाच्या रचनेचा दोष होता, तेच तपासात पुढे आलं. जगभरची मॅक्स जमिनीवर आली ती त्यानंतर. इथिओपियनने सर्वांत शेवटी परतणाऱ्यांपैकी एक राहू असं आधीच जाहीर केलं होतं आणि फेब्रुवारी २०२२ पर्यंत मॅक्स उडवलं नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये दुबईत २० मॅक्सची पक्की ऑर्डर दिली, सोबत ११ ड्रीमलायनर. भावनेने पाहिलं तर जड जातं. पण दुसरा पर्याय म्हणजे सगळा ७३७ ताफा, वैमानिक, सिम्युलेटर बदलून एअरबसच्या रांगेत शेवटी उभं राहणं.

नैरोबीकर

रांगेवरून आठवलं. त्यांनी मार्च २०२४ मध्ये बोइंगची आठ नवी ७७७-९ मागवलीत ना? त्या जातीचं पहिलं विमान आता २०२७ च्या आधी कुणालाच मिळणार नाही. म्हणजे इथिओपियनलाही आमच्यासारखंच थांबणं आलं.

स्पॅनर

थांबतील, पण उडत थांबतील. ७७७-२००एलआर २०१० पासूनची आहेत, आणखी एक मोठा चेक करून काही वर्षं सहज निघतील. चेक घरातच करायचाय. तुमच्या तीन ड्रीमलायनरांपैकी किती परत आली?

नैरोबीकर

एक २०२५ च्या जुलैत आलं. बाकीच्यांचं विचारू नका, पुढच्या महिन्यात मुंबईचं तिकीट काढायचंय.